बिनहवेची खोली

सिव्हिलच्या लॅबमध्ये, खिडकीपासून लांब
भाकरीच्या डब्याएवढा एक जार आहे.
प्लेटा रचायच्या, पुडी फोडून टाकायची,
झाकणाचा स्क्रू आवळायचा
आणि पट्टीवरचा निळा रंग उडून जायची वाट बघायची.
निळा गेला म्हणजे ऑक्सिजन गेला.
मग मी मनात म्हणते, बसा आता निवांत.

बाहेर सोलापूर त्रेचाळीसवर.
इनक्युबेटर सदतीसवर.
फ्रीज सोडला तर मे महिन्यात
या मजल्यावरची सगळ्यात गार जागा जंतूंना दिलीय,
याची तक्रार कुणाकडे करायची?

सोमवारी वॉर्डातून सिरिंज आली, टोकाला रबरी बूच.
लेबलवर: मल्लेशम दुडम, वय एकसष्ट, पोटातला पू.
बूच काढलं, आणि वासानंच सांगितलं तू कोण.
हत्तुरे सर दारातूनच म्हणाले,
"प्लेट कशाला लावताय?"
तरी लावल्या. एक उघड्यावर, एक जारमध्ये.
उघड्यावरची कोरी राहिली.
बुधवारी जारमधली काळी पडलेली,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी.

वहीत लिहिलं, बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस.
फ्रॅजिलिस म्हणजे नाजूक.
नाव ठेवणाऱ्यानं तुला नीट बघितलं नसावं.

माझा बाप साखर पेठेत माग चालवायचा.
शेडमध्ये बारा माग, आणि खिडक्या खिळे ठोकून बंद.
वारा लागला की सूत सुकतं,
सुकलं की तुटतं,
तुटलेलं मजुरीतून जातं.
संध्याकाळी तो दारात येऊन बसायचा
आणि पहिल्याच मोकळ्या श्वासाला खोकायचा.
आई म्हणायची, याला बाहेरची हवा मानवत नाही.
आम्ही हसायचो.
हे तुला सांगायचं काही कारण नाही.
तू समोर होतास, म्हणून.

दुडमांची बायको जिन्यात बसली होती,
नरसव्वा. बोटांची टोकं विडीच्या तंबाखूनं पिवळी.
तेलुगूत विचारलं, यांना हे कुणाचं लागलं?
मीही तेलुगूतच सांगितलं, मराठीत उतरवतेय:
कुणाचं नाही. आतलाच आहे,
लहानपणापासून त्यांच्या पोटात राहतोय.
ज्वारीतलं जे आपल्याला पचत नाही, ते हा खातो.
आतड्याला भोक पडलं,
आणि हा नको त्या खोलीत गेला.

ती बोटावर बोट घासत राहिली.
म्हणाली, म्हणजे भाडेकरू. भाडंही देत होता.
मी म्हटलं, हो.
मग ती सलाइनमधली बाटली याला एकट्याला मारणार,
का घरात आहेत त्या सगळ्यांना?

रिपोर्टच्या कागदावर त्याला रकाना नाही.
बरे होतील ते, असं म्हणून मी जिना चढले.
तिनं ते विचारलंच नव्हतं.

दुपारी डबा उघडला.
कडक भाकरी, शेंगाचटणी, वर थोडं दही.
चुरता चुरता हात थांबला.
आईला जाऊन नऊ वर्षं झाली.
तिच्याकडून मला काय आलं,
एक डोरलं, चारपाच तेलुगू शिव्या,
आणि तुमच्यातले कितीतरी,
जे मला जन्मतानाच तिच्याकडून लागले
आणि अजून जेवतायत.
भाकरी जरा जास्तच चावून खाल्ली.
मग आठवलं, त्यानं तुमचं काम कमी होत नाही.

गुरुवारी जार रिकामा करायचा होता.
स्क्रू सैल केला, बारीक सुस्कारा आला
आणि पट्टी एका कडेनं निळी व्हायला लागली.
माझ्याच खोलीतली हवा, मी घेते तीच.
झाकण परत आवळलं.
पंख्याखाली उभी राहिले, दहा मिनिटं असतील.
वॉर्डातून दुसरी सिरिंज आली,
तेव्हा उघडलं.